थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी मीटर लावून बघा

तुमची गाडी २००८ ची वॅगन आर, पेट्रोल, चार वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलेली. राहायला चिपळूण. पाऊस सुरू झाल्यापासून तिसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना मध्येच झटका बसतो, सिग्नलला उभं राहिलं की रेस आपोआप वर-खाली होते आणि कधी कधी गाडी बंदच पडते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी जातो. गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी ०१२२ हा कोड आला आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलायला सांगितला. तुम्ही नवा सेन्सर मागवलाय. आता तो घरी बदलता येईल का आणि नंतर काही सेटिंग करावं लागतं का, असं तुम्ही विचारलंय.

घरी बदलता येतो. दोन स्क्रू आणि एक कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, हात बसलेला असेल तर दहा मिनिटांचं काम. पण तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला खटकतात. एक म्हणजे त्रास पावसाबरोबर सुरू झाला. दुसरी म्हणजे गाडीला बाहेरचं गॅस किट आहे. या दोन्ही एकत्र आल्या की सेन्सर निर्दोष निघण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून कसा बदलायचा ते सांगतोच, पण त्याआधी बदलायची गरज आहे का ते तपासू.

तुमच्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल थेट थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या तोंडातली, पितळी रंगाची गोल झडप फिरवते. त्या झडपेच्या दांड्याच्या एका टोकाला केबलची चकती असते आणि दुसऱ्या टोकाला हा काळा प्लॅस्टिकचा सेन्सर. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात जे असतं तेच याच्या पोटात आहे: कार्बनचा एक अर्धगोल पट्टा आणि त्यावर सरकणारी एक बारीक पत्ती. तीन वायरी असतात. एकीवरून इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ५ व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थ, आणि तिसरीवरून पत्ती जिथे असेल तिथला व्होल्टेज परत जातो. पाय सोडलेला असताना तो साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबल्यावर चारच्या पुढे. या एका आकड्यावरून ईसीएम बऱ्याच गोष्टी ठरवतो: पाय झटकन दाबला तर जादा पेट्रोल द्यायचं, उतारावर पाय सोडला तर पेट्रोल तोडायचं, झडप बंद आहे म्हणजे आता स्लो, म्हणजे पाय सोडल्यावरची इंजिनची गती, सांभाळायचा.

आता कोडकडे बघा. पी ०१२२ म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा व्होल्टेज हद्दीपेक्षा खाली गेला. त्यात ‘सेन्सर खराब’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ईसीएमला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त वायरीच्या आपल्या टोकावर आलेला व्होल्टेज दिसतो. तो खाली जाण्याची कारणं अनेक. ५ व्होल्टची वायर तुटली तरी सिग्नल शून्याकडे जातो. सिग्नलची वायर कुठे सोलून बॉडीला टेकली तरी तेच. बहुतेक गाड्यांत ही वायर नुसती तुटली तरी हाच कोड येतो. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या तर तेच, आणि सेन्सरच्या आतला पट्टा झिजून पत्ती एखाद्या ठिकाणी अधांतरी झाली तरी तेच. उलट अर्थची वायर तुटली असती तर सिग्नल वर उडी मारून ५ च्या जवळ गेला असता आणि कोड पी ०१२३ आला असता. तेव्हा तुमच्या बाबतीत पहिला संशय अर्थवर नाही, एवढं कोडने नक्की सांगितलं.

सेन्सर आणि वायर यांतला फरक ओळखायची एक खूण मी नेहमी वापरतो. पट्टा झिजतो तो पाय जास्त वेळ जिथे असतो तिथे, म्हणजे सुरुवातीच्या थोड्याशा दाबाच्या भागात. त्यामुळे झिजलेल्या सेन्सरचा झटका ठरलेल्या जागी येतो. पाय त्या जागेवर आला की झटका, थोडा पुढे किंवा मागे गेला की गाडी सुतासारखी सरळ. वायरीचा दोष पायाकडे बघत नाही. खड्ड्यात आपटली, इंजिन हललं, दमट हवा आली की तो येतो. तुमचा चाळीसच्या वेगाचा झटका पहिल्या प्रकारात बसू शकतो. पण सिग्नलला पाय पॅडलवर नसताना गाडी बंद पडते, ती दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवते. म्हणून मोजल्याशिवाय निकाल देऊ नये.

सीएनजी किटचं मी का काढलं ते सांगतो. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटांच्या कंट्रोलरला गॅस किती सोडायचा हे ठरवायला थ्रॉटलचा सिग्नल लागतो. तो मिळवण्यासाठी बसवणारा माणूस सेन्सरच्या सिग्नल वायरीचं आवरण ब्लेडने सोलतो, किटची वायर तिला पिळतो आणि वरून काळी टेप गुंडाळतो. चांगला कारागीर तो जोड सोल्डर करतो. घाईतला करत नाही. ब्लेड जरा खोल गेलं की तांब्याच्या आठ-दहा तारांतल्या चार तिथेच तुटतात. पुढच्या तीन-चार पावसाळ्यांत बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा चिकटपणा सुटतो, आत ओल शिरते, तांबं आधी काळं आणि मग हिरवं पडतं.

हे मी पैसे भरून शिकलो. कराडला गॅरेज सुरू केल्यानंतर दोन-तीन वर्षांनी कुंभार्ली घाट चढून एक गाडी आली होती. तुमच्यासारखंच दुखणं, गॅस किटची. मी सेन्सर बदलला. गाडी चार दिवस छान चालली आणि परत आली. नवा सेन्सरच खराब निघाला असं समजून दुसरा घातला. पुन्हा आठ दिवसांनी तेच. तिसऱ्या वेळी मी हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, टेप उलगडत गेलो. थ्रॉटल बॉडीपासून वीतभर अंतरावर किटचा तो जोड होता. टेप काढली तर सिग्नल वायरीच्या दोनच तारा धरून होत्या, बाकीच्यांची हिरवी भुकटी माझ्या बोटांना लागली. प्रत्येक वेळी सेन्सर बदलताना मी कपलर ओढून परत बसवायचो, त्या ओढाताणीत त्या तारा काही दिवस एकमेकींना टेकायच्या, आणि श्रेय सेन्सरला मिळायचं. मालकाला मी दोन्ही सेन्सरचे पैसे परत दिले. तेव्हापासून माझ्याकडे मीटर लावल्याशिवाय हा सेन्सर कोणी बदलत नाही.

तर मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर हवा. काट्याचा जुना मीटर कोणाकडे मिळाला तर आणखी चांगलं, कारण व्होल्टेज क्षणभर पडला तर डिजिटल मीटरचे आकडे तो गिळून टाकतात, काटा मात्र टुणकन खाली जाऊन येतो. आधी कपलर काढून पिनांकडे उजेडात नीट बघा. हिरवा किंवा पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत मला हे दर पावसाळ्यात दिसतं. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही याच वेळी बघून घ्या. मग कपलर परत लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून, बारीक टाचणी सरकवून मीटरची टोकं तिला लावा. दोन टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. वायरीचं आवरण टोचू नका, आपणच पुढच्या पावसाळ्याची सोय करून ठेवतो.

वायरींच्या रंगांवर विसंबू नका, मीटरला विचारा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला ठेवून तिन्ही वायरी बघा. जिथे पॅडल हलवलं तरी स्थिर ५ च्या आसपास व्होल्ट दिसतात ती पुरवठ्याची. जिथे जवळजवळ शून्य दिसतं ती अर्थ. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या वाटेतही गंज आहे. पॅडलबरोबर बदलते ती सिग्नलची. पुरवठ्यावर ५ व्होल्ट येतच नसतील तर सेन्सर बदलून काही होणार नाही. ही ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरलाही जाते, आणि तिथे शॉर्ट असेल तर तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम आजारी दिसतात.

आता सिग्नल. घरातल्या कोणालातरी ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि पॅडल अगदी सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेऊन तळापर्यंत दाबायला सांगा, तसंच सावकाश सोडायला सांगा. काटा एकसारखा चढला पाहिजे आणि एकसारखा उतरला पाहिजे. मध्ये कुठे थबकला, दचकला, शून्याकडे झेपावला, आणि पुन्हा दाबल्यावर त्याच जागी तसंच झालं, तर पट्टा झिजलाय. सेन्सर बदला, मनात शंका ठेवू नका. एवढं करताना एक बघा: पाय सोडल्यावर दर वेळी आकडा पहिल्या जागेवरच येतो का. ०.५ वरून कधी ०.५ आणि कधी ०.७ येत असेल तर झडप कार्बनमुळे अडकते आहे किंवा केबल ताणलेली आहे, आणि ईसीएमला ‘पाय सोडला’ हेच कळत नाही. चौकात उभं असताना रेस वर-खाली होण्याचं ते एक कारण असतं.

काटा एकसारखा चढला-उतरला तर पॅडल सोडून द्या आणि वायरीकडे वळा. चावी ऑनच. फक्त आता मीटर कपलरच्या पुढे लावायचा, किटच्या जोडाच्या पलीकडे, ईसीएमच्या बाजूला. कारण जोड तुटला तरी सेन्सरच्या कपलरवर आकडा चांगलाच दिसत राहतो, तो ईसीएमपर्यंत पोचत नाही एवढंच. ईसीएमचा कपलर हाताशी येत नसेल तर स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडा लाइव्ह लावून ठेवा, तो ईसीएमला जे दिसतं तेच दाखवतो. मग हार्नेस हळूहळू हलवत जा, किटचा जोड हलवा, त्यावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. आकडा पडला की गुन्हेगार सापडला. तिथली खराब वायर कापून, नवा तुकडा सोल्डर करून, वर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवा. नुसतं पिळून टेप मारू नका. हे करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसच्या नळ्यांना हात लावायची यात काहीच गरज नाही.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्यायचा विचार असेल तर थांबा. असा स्कॅनर गाडीतल्या ओबीडी, म्हणजे दोष ओळखून कोड ठेवणाऱ्या यंत्रणेशी बोलतो. आपल्याकडे भारत स्टेज ४ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांना ओबीडी-१ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. २००८ च्या गाडीशी तो स्कॅनर बोलेलच असं नाही. त्यापेक्षा ज्या गॅरेजने कोड वाचला त्यांच्याकडे अर्धा तास मागा.

एक राहिलं. गाडी नुसत्या पेट्रोलवर दोन दिवस चालवून बघा. झटका फक्त गॅसवर येत असेल तर प्लग, कॉइल आणि एअर फिल्टर आधी बघा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोमदार लागते, आणि पेट्रोलवर ठीक चालणारे थकलेले प्लग गॅसवर दगा देतात.

मोजून सेन्सरच दोषी ठरला, तर आता बदलूया. आधी नवा आणि जुना शेजारी ठेवा. पिना, भोकं, दांड्याच्या खाचेची दिशा सारखी हवी. नवा सेन्सर गाडीवर चढवण्याआधी मीटर ओहमवर ठेवून सिग्नलच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये तपासा, बोटाने हळू फिरवताना आकडा एकसारखा सरकायला हवा. डब्यावर कंपनीचं नाव छापलेलं असूनही फिरवताना अडखळणारे सेन्सर मी पाहिलेत, आणि ते टेबलावर कळलेलं बरं. खोका आणि बिल काम संपेपर्यंत ठेवा.

इंजिन थंड असू द्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुन्या सेन्सरची भोकं बघा. गोल असतील तर सेन्सर एकाच जागी बसतो, सेटिंगचा प्रश्नच नाही. लांबट असतील तर तो थोडा फिरवून बसवता येतो. अशा वेळी काढण्याआधी सेन्सरच्या कडेपासून थ्रॉटल बॉडीवर खिळ्याने एक बारीक रेघ ओढून ठेवा. स्क्रू छोटे असतात आणि वर्षानुवर्षं न हलल्यामुळे जाम होतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नेमक्या मापाचं घ्या, जोर सगळा आत दाबायला लावा आणि फिरवायला थोडाच. डोकं घसरलं की काम दहा मिनिटांवरून दोन तासांवर जातं. हलत नसेल तर गंज सोडवायचं तेल टाकून पंधरा मिनिटं थांबा, पण ते झडपेच्या आत जाऊ देऊ नका.

सेन्सर काढलाच आहे तर थ्रॉटल बॉडीही साफ करून घ्या. क्लीनर कापडावर मारून झडपेची कड आणि तिच्याभोवतीचा काळा थर पुसा. सेन्सरच्या बाजूला फवारा जाऊ देऊ नका, पट्ट्यावर तो गेला तर नवा सेन्सरही नासतो. झडपेला टेकणारा जो छोटा स्टॉप स्क्रू असतो, ज्यावर बऱ्याचदा रंगाचा ठिपका असतो, त्याला हात लावू नका. रेस कमी वाटली की लोक तो पिळतात. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो, आणि तो हलला की सेन्सरचा शून्यच खोटा होतो.

नवा सेन्सर बसवताना एकच गोष्ट चुकते, आणि ती पुष्कळांची चुकते. सेन्सरच्या आत स्प्रिंग असते. दांड्याचं चपटं टोक खाचेत शिरवताना सेन्सर शेवटच्या जागेपासून थोडा वळवून धरायचा, आत बसला की स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवत भोकं जुळवायची. फिरवताना बोटांना तो हलका ताण जाणवला पाहिजे. ताण जाणवला नाही, सेन्सर नुसता लटकल्यासारखा फिरला, तर टोक खाचेच्या चुकीच्या बाजूला आहे. तसाच स्क्रूने आवळला तर पहिल्यांदा पॅडल दाबताच आतलं प्लॅस्टिक तुटतं. मागे रबरी रिंग असेल तर ती नवी घाला. स्क्रू मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याच्या नको, खाली ॲल्युमिनियम आहे.

बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि पुन्हा तोच मीटर. भोकं लांबट असतील तर स्क्रू पूर्ण आवळण्याआधी सेन्सर किंचित फिरवून पाय सोडलेला आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत आणा. मॅन्युअल नसेल तर ओढलेल्या रेघेवर बसवा. पूर्ण दाब तपासताना केबलची चकती हाताने ओढू नका, आतून पायानेच दाबा. मॅट दुमडलेली असेल किंवा केबल सैल असेल तर झडप पूर्ण उघडतच नाही, आणि ते हाताने ओढून कधी कळत नाही. मग कोड पुसून घ्या. बॅटरी काढल्याने ईसीएमची शिकलेली स्लोची सवय पुसली गेलेली असू शकते, म्हणून इंजिन सुरू करून पॅडलला हात-पाय न लावता रेडिएटरचा फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या. पहिला दिवसभर रेस थोडी इकडे-तिकडे झाली तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही होत असेल तर स्लो सांभाळणारा हवेचा व्हॉल्व्ह साफ करायला हवा, तो याच थ्रॉटल बॉडीवर असतो.

हे सगळं केबलच्या गाडीचं झालं. तुमच्यासारखाच त्रास असलेला कोणी हे वाचत असेल आणि त्याच्या ॲक्सिलरेटरला केबलच नसेल, तर त्याने यातलं काढ-घालीचं काहीही करू नये. तिथे झडप मोटर फिरवते, सेन्सर दोन असतात आणि ते सहसा थ्रॉटल बॉडीच्या आत बंद असतात, वेगळे मिळत नाहीत. चावी ऑन असताना त्या झडपेत बोट घालणं धोक्याचं आहे, आणि बदलल्यावर स्कॅनरने शिकवणी द्यावी लागते. कपलर आणि अर्थ तपासणं मात्र तिथेही तितकंच गरजेचं.

आणि हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. चढावर मध्येच बंद पडली तर ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, मग पॅडल दगडासारखं होतं. गावातल्या गावात चालवा.

मीटर लावाल तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवा आणि मला कळवा: पुरवठ्याचा व्होल्टेज, पाय सोडलेला आकडा, पूर्ण दाबलेला आकडा, आणि जोड हलवल्यावर काय झालं. किटच्या जोडाचा टेप काढलेला एक फोटोही पाठवा. तोपर्यंत नवा सेन्सर खोक्यातच राहू द्या.